सीटी १८ म्हणजे बरं की वाईट? एकच लघुरूप, अर्थ अनेक

रानजाई (धागाकर्ती)

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं.

एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. घरोघरी जे चाललं होतं तेच आमच्याकडेही. सकाळी पावणेनऊला घरच्या ग्रुपवर मामेभावाचा निरोप आला: "बाबांचा रिपोर्ट आला. सीटी १८." बस, एवढंच.

मी पदवीच्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवते. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तपासण्याची पद्धत, माझ्या रोजच्या शिकवण्यातली. त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडेच विचारणा केली आणि मी लिहून टाकलं: "नमुन्यात विषाणू भरपूर आहे. मामांना वेगळ्या खोलीत ठेवा, ऑक्सिजन मोजत राहा. या आकड्यावरून फुप्फुसांचं काही कळत नाही, घाबरू नका." सगळे शांत झाले. संध्याकाळी साडेपाचला भावाने कागदाचा फोटो टाकला. तो कागद स्कॅनचा होता. २५ पैकी १८.

मामा वाचले, अकरा दिवस ऑक्सिजनवर राहून. पण ते आठ-नऊ तास माझ्या शब्दावर गेले होते, आणि ते मला आजही विसरता येत नाहीत.

नेमकं काय झालं ते सांगते. पीसीआरच्या प्रत्येक फेरीत डीएनएच्या प्रती साधारण दुप्पट होतात. त्यांची चमक ठरलेली रेषा कितव्या फेरीला ओलांडते, तो आकडा म्हणजे एक सीटी. विषाणू जास्त असेल तर फेऱ्या कमी लागतात. १८ आणि २८ यांच्यात दहा दुपटींचं अंतर, म्हणजे १,०२४ पट. आपल्याकडे ३५ पर्यंतचा आकडा पॉझिटिव्ह धरत होते. दुसरी सीटी म्हणजे संगणकाने जुळवलेली शरीराची छेदचित्रं. फुप्फुसांचे खंड पाच, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरीज २५ पैकी. एका सीटीत आकडा लहान तर विषाणू जास्त, दुसरीत आकडा मोठा तर फुप्फुस जास्त खराब. आणि १८ हा आकडा दोन्हीकडे अगदी चपखल बसतो! रोमन लिपीत पहिल्या सीटीतला टी लहान लिहितात, दुसरीतला मोठा. बोलताना आणि मराठीत लिहिताना दोन्ही सीटीच.

त्याच काळातलं दुसरं लघुरूप आरटी-पीसीआर. यातला आरटी म्हणजे आरएनएवरून डीएनए उलट उतरवून घेणं. हे काम करणारं विकर १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं, १९७५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण पुष्कळ ठिकाणी हे 'रिअल टाइम' असं छापलं गेलं. गोंधळ व्हावा असंच ते प्रकरण, कारण ती चाचणी खरोखर रिअल टाइमसुद्धा असते. एकाच चाचणीत दोन आरटी. आमच्या प्रयोगशाळेत तर 'आरटीला दहा मिनिटं ठेवा' म्हणजे खोलीच्या तापमानाला ठेवा. ऊर्जेच्या गणितात आरटी म्हणजे वायू स्थिरांक गुणिले तापमान, २५ अंशांना सुमारे २.४८ किलोज्यूल प्रति मोल. क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्याच्या खोलीत गेलं की आरटी म्हणजे पदार्थ स्तंभात किती वेळ रेंगाळला त्याचा आकडा. द्वितीय वर्षाची पोरं एका दिवसात हे सगळे आरटी ऐकतात आणि विचारायला लाजतात.

इथे दूरसंचारातले, भौतिकशास्त्रातले, भाषांतर करणारे बरेच जण आहेत. तुमच्या कामात असं काय आलंय? ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं लिहा.

---

तारायंत्र

रानजाई ताई, वाचून पोटात कालवलं. मामांना नमस्कार सांगा.

मी ३४ वर्षं दूरसंचारात काढली. पीसीआर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे डिजिटल टीव्हीचा प्रवाह येतो. चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी प्रक्षेपण करणारा मधूनमधून आपल्या घड्याळाची वेळ पाठवत असतो, त्या खुणेला आम्ही पीसीआर म्हणतो. ते घड्याळ २७ मेगाहर्ट्झचं. पीसीआर डळमळला की ओठ आणि आवाज यांची फारकत होते.

पण मला लिहायचंय ते एटीएमबद्दल. पैसे काढण्याचं यंत्र नव्हे. नव्वदच्या दशकात आमच्या क्षेत्रात सगळे याच नावाच्या पद्धतीवर आशा लावून बसले होते. आवाज, चित्र, संगणकाची माहिती, सगळ्याचे एकसारखे छोटे तुकडे करायचे आणि एकाच वाटेने पाठवायचे. एका तुकड्याला नाव होतं सेल. हो, पेशीला असतो तोच शब्द. सेल ५३ बाइटांचा: ५ पत्त्याचे, ४८ मालाचे.

हा ४८ कुठून आला ते सांगण्यासारखं आहे. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ६४ हजार बिटांनी धावतो, म्हणजे एका मिलिसेकंदात आठ बाइट. सेल भरेपर्यंत आवाजाला थांबावं लागतं: ३२ बाइटांचा सेल भरायला ४ मिलिसेकंद, ६४ चा भरायला ८. उशीर वाढला की बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. युरोपातल्यांना ३२ हवे होते, कारण त्यांची अंतरं लहान, तेवढ्या उशिरात प्रतिध्वनी मारायची यंत्रं न बसवता भागलं असतं. अमेरिकेत अंतरंच एवढी की ती यंत्रं बसवणं भागच होतं, म्हणून त्यांना ६४ चालत होते, शिवाय पत्त्यावर वाया जाणारी जागा कमी. शेवटी मधला ४८ ठरला. तो कुणालाच हवा नव्हता, पण सगळ्यांनी मान्य केला.

आता माझा अनुभव. निवृत्तीनंतर नातवाला ही गोष्ट दाखवायला म्हणून नेटवर 'एटीएम सेल' शोधलं. समोर आल्या कर्करोगाच्या पेशी. पानंच्या पानं. मला काही उलगडा होईना. इथल्या जीवशास्त्रवाल्यांनी सांगावं.

---

अणुरेणू

@तारायंत्र काका, ते आमचं क्षेत्र.

अटॅक्सिया तेलांजिएक्टेसिया नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. मूल चालायला शिकतं आणि मग त्याचा तोल जायला लागतो. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात. प्रतिकारशक्ती कमी, आणि काही प्रकारच्या कर्करोगांचा धोका फार मोठा. १९९५ मध्ये या आजारामागचं जनुक सापडलं, अकराव्या गुणसूत्रावर. आजाराच्या नावातली दोन अक्षरं आणि 'बिघडलेलं' या अर्थाचा एम, असं मिळून एटीएम. डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटले की या जनुकाचं प्रथिन इशारा देतं, पेशीची विभागणी थांबवतं, दुरुस्तीला माणसं बोलावतं.

या नावात एक अडचण घट्ट बसली आहे. तुमच्या-माझ्या शरीरातलं निरोगी जनुकसुद्धा 'बिघडलेलं' हेच नाव घेऊन फिरतं.

मी आनुवंशिक समुपदेशनाचं काम करते. समोर ४२ वर्षांची बाई, आईला स्तनाचा कर्करोग झालेला. तिला सांगायचं असतं की या जनुकाच्या एका प्रतीत दोष आहे, त्यामुळे धोका वाढतो, तपासण्या लवकर सुरू करायच्या. सुरुवातीला मी सरळ म्हणायचे, "तुमच्या एटीएममध्ये दोष आहे." एकदा एका काकूंनी पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्या घाबरलेल्या होत्या, आणि घाबरलेला माणूस ओळखीच्या शब्दाला धरून बसतो. त्या दिवसापासून मी आधी कागदावर गुणसूत्राचं चित्र काढते, त्यावर टिंब देते, "या जागेवरची सूचना" म्हणते. नाव सगळ्यात शेवटी, आणि तेही 'एटीएम जनुक' असं पूर्ण.

---

खोडदकर

उत्तम धागा. एटीएम भौतिकशास्त्रातही आहे, वातावरणाचा दाब: १,०१,३२५ पास्कल. पण तो कुणाला फसवत नाही, कारण त्याच्या मागे आकडा असतो.

मला फसवणारं लघुरूप एलएनए. आमच्या गावाजवळच जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमाराला, ती लोकांना बघता येते. एका वर्षी मी कॉलेजची मुलं घेऊन गेलो होतो. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण की तबकडीने पकडल्याबरोबर, केबलमधून पुढे जायच्या आधी, तो वाढवावा लागतो. त्या पहिल्या वर्धकाने स्वतःचा गोंगाट अगदी कमी घालायला हवा, नाहीतर पुढे कितीही चांगली यंत्रं लावा, उपयोग नाही. या कमी गोंगाटाच्या वर्धकाला एलएनए म्हणतात. समजावून सांगणाऱ्याने चार-पाच वेळा एलएनए म्हटलं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका मुलीने वहीत डीएनए, आरएनए, एलएनए असं एकाखाली एक लिहिलेलं मी पाहिलं. परतीच्या एसटीत मी तिला सांगितलं की हा त्या घराण्यातला नाही. ती म्हणाली, "सर, पण त्या घराण्यातही एलएनए आहे." आणि खरंच आहे! आरएनएतल्या शर्करेला एक जादा पूल घालून तिचा आकार कुलूपबंद करतात, मग तो रेणू जोडीदाराला फार घट्ट चिकटतो. पीसीआरच्या शोधक तुकड्यांत वापरतात म्हणे. मी तिला शिकवायला गेलो आणि तिनेच मला शिकवलं.

दुसरं, केबी. मी शिकवतो तो केबी म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक, दर अंशामागे रेणूच्या वाट्याला किती ऊर्जा ते सांगणारा. १९२८ साली बेल प्रयोगशाळेत जॉन्सनने उष्णतेमुळे विद्युत मंडलात उठणारा गोंगाट मोजला आणि नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं: स्थिरांक गुणिले तापमान गुणिले पट्ट्याची रुंदी. त्या गणितात एक केबी स्थिरांकाचा, आणि त्याच पानावर वेग लिहिलेला असतो केबीत, म्हणजे किलोबिटांत. किलोबाइटही केबी. जनुकवाल्यांचं एक हजार अक्षरांचं मापही केबी.

---

अणुरेणू

@खोडदकर सर, केबी-एमबीचा घोळ आम्ही रोज बघतो. ई. कोलाय जिवाणूचा जनुकसंच ४.६ एमबी, म्हणजे ४६ लाख अक्षरं. संगणकवाला तेच ४.६ मेगाबाइट वाचतो. अक्षरं चारच असल्याने एकाला दोन बिट पुरतात, म्हणजे ९२ लाख बिट, बाइटांत साडेअकरा लाख. चौपट फरक झाला. पण गंमत पुढे आहे: साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक अक्षर एक बाइट खातं, त्यामुळे फाइल उघडली की आकार साधारण ४.६ मेगाबाइटच दिसतो. गैरसमज तपासायला गेलं की तो पक्का होऊन परत येतो.

---

पूर्वाई

मला इथे बाबांबद्दल लिहायचंय.

माझा पीएचडीचा विषय बीईआर. पेशीतल्या डीएनएची अक्षरं आपोआप गळत असतात, रासायनिक रीतीने खराब होत असतात. एका पेशीत दिवसाला साधारण दहा हजार अक्षरं नुसती गळून पडतात, हा टोमास लिंडाल यांचा अंदाज. मग एक विकर खराब अक्षर कापतं, दुसरं तिथला कणा छेदतं, तिसरं योग्य अक्षर भरतं, चौथं सांधा जोडतं. ही दुरुस्ती म्हणजे बीईआर. लिंडाल यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मिळालं.

बाबा दूरसंचारातले. मी विषय सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "बीईआर? अगं, ते तर मी जन्मभर मोजलं." त्यांचं बीईआर म्हणजे बिटांमागे चुकांचं प्रमाण. नवीन लाइन सुरू करायच्या आधी मोजयंत्र लावायचं आणि २४ तास चालू ठेवायचं. सेकंदाला २०,४८,००० बिटांची लाइन, म्हणजे दिवसभरात सुमारे १७,७०० कोटी बिट. शंभर कोटींमागे एक चूक असं प्रमाण असेल तर दुसऱ्या दिवशी काउंटरवर १७७ च्या आसपास आकडा. बाबा पहाटे उठून तो आकडा बघायला जायचे, हे आई अजून सांगते.

त्या रात्री आम्ही जेवणानंतर ताटं तशीच ठेवून बोलत बसलो. त्यांनी विचारलं, "तुमच्या लाइनचा दर किती?" डीएनएची नक्कल करणारं विकर नुसतं चाललं तर लाखामागे एखादी चूक. स्वतःच मागे वळून तपासणं आणि नंतरची दुरुस्ती धरली तर शंभर कोटी ते हजार कोटी अक्षरांमागे एक. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या चांगल्या लाइनइतकं." माझ्या कामाला एवढी नेमकी दाद पुढे कुणी दिली नाही. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. शब्द एक आणि अर्थ दोन, म्हणून नेहमी नुकसानच होतं असं नाही, एवढंच मला सांगायचं होतं.

---

तारायंत्र

पूर्वाई, तुझ्या बाबांना मी ओळखत नसेन, पण तो पहाटेचा काउंटर मी ओळखतो. दहापेक्षा कमी आकडा दिसला की चहा गोड लागायचा.

---

केळीबाग

जळगावकडे ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत आहे. आमच्याकडे एमएस म्हणजे मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलेलं पोषण माध्यम. केळीची लाखो रोपं त्यावर वाढतात. फॅब्रिकेशनवाल्याचं एमएस म्हणजे साधं पोलाद, रॅक बनवायचं. आणि शेजारच्या खोलीत एमएस म्हणजे रेणूंचं वजन करणारं यंत्र. स्टॉकबुकात 'एमएस – ५' अशी नोंद पाहून नव्या मुलाने माध्यमाची पाच पाकिटं शिल्लक धरली. ते रॅक होते. एक खेप चार दिवस उशिरा लागली.

आणखी एक: एसडीएस. प्रथिनं उलगडायला वापरतो तो साबणासारखा पदार्थ, आणि कुठल्याही रसायनाबरोबर येणारं सुरक्षेचं माहितीपत्रकही एसडीएस.

---

प्रूफवाचक

मी विज्ञानाची पाठ्यपुस्तकं मराठीत आणण्याचं काम करतो. रानजाई ताईंनी लिपीचा मुद्दा ओझरता काढलाय, तो माझ्या मते मुळाशी आहे. रोमनमध्ये लहान-मोठ्या अक्षरांची एक पहारेदारी असते. देवनागरीत ती नाही. पीआय घ्या. लहान पी, मोठा आय: प्रथिनाचा विद्युतभार शून्य होतो तो सामू. मोठा पी, लहान आय: सुटा फॉस्फेट. दोन्ही मोठी: प्रकल्पाचे प्रमुख संशोधक, किंवा पेशीच्या केंद्रकाला रंगवणारं एक लाल रंगद्रव्य. मराठीत सगळ्यांचं पीआय, आणि सामान्य वाचकाला त्यात फक्त पोलीस निरीक्षक दिसतात. पीसीआरचंही तेच: आमच्या जिल्ह्याच्या पानावर 'आरोपीला तीन दिवसांचा पीसीआर' म्हणजे पोलीस कोठडी.

लघुरूपं मराठीला नवीन नाहीत. मु. पो., ता., जि., चि. सौ. कां., ह. भ. प. या सगळ्यांवर आपली पत्रं चालली. 'ता.' म्हणजे तालुका आणि तारीखही. पण पत्त्यातला ता. पाकिटावर आणि तारखेचा ता. कोपऱ्यात, जागा ठरलेली असल्याने कुणी चुकलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपाला अशी जागा नसते.

माझी सूचना: लेखात पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण नाव, आणि जिथे रुळलेला मराठी शब्द आहे तिथे तोच. अतिनील, अवरक्त हे शब्द शाळेपासून सगळ्यांना येतात. तिथे यूव्ही, आयआर कशाला?

---

तारायंत्र

@प्रूफवाचक, पुस्तकापुरतं मान्य. पण रात्री दोन वाजता लाइन पडलेली असताना फोनवर पूर्ण नावं घेत बसलो असतो तर गावं अंधारात राहिली असती. लघुरूप हे आमचं हत्यार होतं. काम करणाऱ्या दोघांना संदर्भ माहीत असतो, तेवढा पुरतो.

---

अणुरेणू

काका, संदर्भ पुरतो हे दोघे एकाच खोलीत असतील तर. आणि कधी तेव्हाही पुरत नाही. पॅम घ्या. तुमचं पॅम म्हणजे स्पंदाच्या उंचीत माहिती भरणं. आमच्या एकाच विषयात दोन पॅम आहेत: मार्गारेट डेहॉफ यांनी प्रथिनांची तुलना करायला बनवलेले तक्ते, आणि क्रिस्पर या जनुकं कापण्याच्या तंत्राची कात्री जिथे थांबते ती डीएनएवरची छोटी खूण. मी दोन्ही वापरते, एकाच दिवशी, एकाच संगणकावर.

शिवाय पूर्वाईने सांगितलेल्या दुरुस्तीची एक बहीण आहे, नकलेतल्या चुकीच्या जोड्या सुधारणारी, एमएमआर. पॉल मॉड्रिच यांना २०१५ चं नोबेल याच कामासाठी मिळालं. आमच्या रुग्णांच्या कागदावर एमएमआरचा निकाल येतो, कारण काही कर्करोगांचे उपचार त्यावर ठरतात. नातेवाईक विचारतात, "लहानपणी गोवर-गालगुंडाची लस दिली होती की!" मुंबईत असाल तर एमएमआर म्हणजे ठाणे-पनवेलपर्यंतचा सगळा महानगर प्रदेश. त्यांची काहीही चूक नसते. कागद आमच्या खोलीतून त्यांच्या खोलीत गेला, आणि त्याच्याबरोबर आम्ही कुणी गेलो नाही.

---

रानजाई (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्वाई, तुझा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला.

@तारायंत्र काका, रात्री दोनचं मला पटतं. हत्यार टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण २०२१ च्या त्या सकाळी मी माझ्या खोलीतून उत्तर दिलं आणि प्रश्न दवाखान्यातून आला होता. मला पीसीआर येत नसता तर मी "कुठला सीटी?" असं विचारलं असतं. येत होता, म्हणून विचारलं नाही. अणुरेणूने लिहिलेलं 'कागदाबरोबर आम्ही कुणी गेलो नाही' हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय.

काल द्वितीय वर्षाच्या प्रात्यक्षिकाचा कागद काढून बसले. त्यात एका पानावर आरटी पाच वेळा होतं, तीन वेगळ्या अर्थांनी. 'आरटी विकर घालून आरटीला दहा मिनिटं ठेवा' हे वाक्य मीच काही वर्षांपूर्वी लिहिलेलं. आता तिथे आहे: 'उलट प्रत काढणारं विकर घाला. नळी खोलीच्या तापमानाला, २५ अंशांवर, दहा मिनिटं ठेवा.' पान दीड ओळीने वाढलं. मामांच्या फाइलवरही मामीने चिठ्ठी चिकटवली आहे, तिच्या हातची: 'छातीचा स्कॅन, फुप्फुसं, २५ पैकी १८, एप्रिल २०२१.'